वजा टोकाकडे

माझ्या थोरल्या बहिणीला खोटं बोलता येत नाही. लोक हे कौतुकानं सांगतात, मी तक्रार म्हणून सांगते. लहानपणी शेजारच्या काकूंनी नवीन पडदे लावले आणि मोठ्या हौसेनं आम्हाला बघायला बोलावलं. मी म्हटलं, छान. ही म्हणाली, "डावीकडचा बोटभर आखूड झालाय." झाला होता, मान्य. म्हणून काय सांगायचं असतं? आईनं घरी आणून तिची चांगली कानउघाडणी केली, "छान आहे म्हणायचं आणि मोकळं व्हायचं गं!" तर हिचं उत्तर काय, तर "मग त्यांना कळणार कसं?" काकूंना कळलं, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांनी आमच्या दाराकडे बघितलं नाही.

असल्या माणसाचं दुसरीकडे कुठे जमणार होतं? ताई शास्त्रज्ञ झाली. लग्नबिग्न काही केलं नाही. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहते. तिथे एक पलंग, एक टेबल आणि कागदांच्या थप्प्या, एवढाच संसार. रोज संध्याकाळी ती जेवायला आमच्याकडे येते आणि मीठ कमी पडलं असेल तर सांगते.

आमचं चष्म्याचं दुकान आहे, बाबांनी काढलेलं. पुढे काउंटर, आरसा आणि अक्षरांचा तक्ता, मागच्या खोलीत भिंगं घासायचं यंत्र. बाबांची एक शिस्त होती. भिंग पुसायचं ते गोल गोल, मधून कडेकडे. आरसा आणि शोकेसच्या लांब काचा पुसायच्या त्या सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उलट केलं की टपली बसलीच म्हणून समजा. शाळेतून आलो की दप्तरं भिरकावून आम्ही दोघी हेच करत बसायचो. बाबा गेल्यावर दुकान मी आणि माझ्या नवऱ्यानं सांभाळलं. तो माझ्याहून कसबी. चष्म्याच्या दांडीतला खसखशीएवढा स्क्रू दोन बोटांत धरून असा बसवायचा की गिऱ्हाईक बघत राहायचं. वर बडबड चालूच, "हलू नका हं, हा पडला तर तुमच्याच चष्म्यानं शोधावा लागेल!"

ताईचं काम समजायला मला बरीच वर्षं लागली. माणसाची नस तुटली तर ती पुन्हा वाढते, पण मुंगीला लाज वाटेल इतकी हळू, आणि त्यात वाट चुकते. ("नस नाही, चेतापेशीचा तंतू," ताई दर वेळी म्हणते. मी नसच म्हणणार.) ती पोचेपर्यंत पुढचा स्नायू उपाशी मरतो. मग तिला बोट धरून सरळ वाटेनं नेता येईल का? ताईचं म्हणणं, विजेनं नेता येईल. आपल्या अंगात मुळातच बारीकशी वीज खेळत असते, जखम झाली की तिथेही असते. तीच जरा बाहेरून द्यायची. एवढ्या एका गोष्टीवर तिनं केस पांढरे केले.

एकदा तिनं मला प्रयोगशाळा दाखवली. लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाची खोली, खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवलेला. एका उबदार कपाटात कोंबडीची अंडी रांगेनं ठेवलेली. मी म्हटलं, "नाश्त्याची सोय बरी आहे तुझी." ती म्हणाली, "ही खात नाहीत." विनोद तिच्या अंगाला लागतच नाही. अंडं फोडून आतल्या इवल्या पिल्लाच्या पाठीतून ती टाचणीच्या डोक्याहून लहान तुकडा काढते, आणि काचेच्या लांबट पट्टीवर खारट पाण्यात ठेवते. मग पट्टीच्या दोन्ही टोकांकडून वीज सोडायची. पण तार पाण्यात बुडवायची नाही, धातूचं विष उतरतं. म्हणून वाकडी काचनळी घ्यायची, तिच्यात मिठाची जेली भरायची आणि त्या जेलीतून वीज आणायची. हे सगळं ती स्वतः करते. काच पुसायचं काम तर कोणालाच देत नाही, म्हणते, लोक बोटं उमटवतात.

तिनं मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. त्या तुकड्यातून केसाहून बारीक धागे निघाले होते. गोल काचेवर, वीज न दिलेले, धागे वेडेवाकडे, कुठेही गेलेले. आणि लांब पट्टीवरचे, वीज दिलेले, पट्टीच्या लांबीनं सरळ, शिस्तीत, पहिल्यांच्या दुप्पट लांब. अंगावर काटाच आला माझ्या. मी म्हटलं, "ताई, अगं हे तर मोठं काम आहे!" ती म्हणाली, "काचेवर आहे. माणसात माहीत नाही." पण तिचे कान लाल झाले होते. खूश झाली की तिचे कान लाल होतात, तेवढंच काय ते कळतं.

तिच्या विभागाच्या साहेबांना मात्र आनंद लपवायची सवय नव्हती. त्यांनी भाषणं सुरू केली. आता प्राण्यांवर, मग लगेच रुग्णांवर, एक छोटी पट्टी त्वचेखाली बसवायची, झालं! ताई शेजारी उभी राहून "अजून वेळ आहे" म्हणायची, आणि लोकांना तो विनय वाटायचा.

आणि मग माझा नवरा पडला.

वळणावर कोणीतरी तेल सांडलं होतं. स्कूटर घसरली, उजवा खांदा फुटपाथच्या कडेवर आपटला. हाड मोडलं नाही, रक्तही फारसं नाही. मी दवाखान्यात पोचले तर हा हसत म्हणतो, "हात झोपलाय गं, उठेल जरा वेळानं." उठला नाही. मानेतून हाताकडे येणाऱ्या नसा खांद्यापाशी ताणून तुटल्या होत्या. हात होता तसाच होता, नखंसुद्धा वाढत होती, पण खांद्यापासून लोंबायचा. चिमटा काढला तरी त्याला पत्ता नाही.

सर्जन चांगले होते, सरळ बोलले. बोटं येणार नाहीत, विसरा. पण बरगड्यांमधली एक नस काढून दंडाला जोडता येईल, म्हणजे निदान कोपर वाकेल. मात्र अर्ध्या वर्षाच्या आत करायला हवं. त्यानंतर स्नायू संपतो, मग नस जोडून उपयोग नाही.

नवरा घरी येऊन म्हणाला, "कोपर वाकवून काय करू? गिऱ्हाइकाला सलाम?" त्याला बोटं हवी होती. आणि घरात शास्त्रज्ञ असताना माणूस बरगडीची नस कशाला काढून देईल? त्यातून साहेबांनी सांगितलं होतं की जोडकाम केलेला हात नव्या उपचाराला चालणार नाही, कोरा हवा.

त्या संध्याकाळी ताई जेवायला आली. नवऱ्यानं तिला सरळच विचारलं, "ताई, तुम्ही सांगा. डॉक्टरांचं करू, की तुमच्यासाठी थांबू?"

ताईनं घास खाली ठेवला. त्याच्या हाताकडे बघितलं. म्हणाली, "माणसात अजून केलेलं नाही, मेहुणे. मी खात्री देणार नाही."

"खात्री कोण मागतंय? थांबता येईल का, एवढं सांगा."

"थांबता येईल," ताई म्हणाली.

तिचे कान लाल झाले होते. मी बघितलं, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जी बाई पडदा बोटभर आखूड आहे म्हणून सांगते, ती थांबता येईल म्हणाली. मला आणखी काय हवं होतं?

थांबलो. आज परवानगी यायची आहे, उद्या यंत्र यायचं आहे, पुढच्या महिन्यात नक्की, असं करत साहेबांनी आम्हाला नादी लावलं. सर्जनांनी दिलेली मुदत टळली. नवरा रोज सकाळी डाव्या हातानं उजवा उचलायचा, एकेक बोट वाकवायचा, सरळ करायचा. "गडी तयार ठेवतोय," म्हणायचा. डाव्या हातानं स्क्रू बसवायला शिकत होता. पडायचे. मी खाली बसून शोधून द्यायची.

एक दिवस दुपारी दुकानात एक शिक्षक डोळे तपासायला आले होते. तक्त्यातली चौथी ओळ वाचत होते, तेवढ्यात ताई दारात. दुपारी ती कधी येत नाही. अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट तसाच. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "छोटे, ते खरं नाही."

"काय खरं नाही?"

"विजेचं."

शिक्षकांना मी कसंबसं वाटेला लावलं. मग तिनं सांगितलं, तिच्या पद्धतीनं, पहिल्यापासून. सकाळी बघते तर विजेच्या डब्याची तार निसटलेली. पट्टीला वीज पोचलीच नव्हती. दुसरा कोणी असता तर तो प्रयोग बाद म्हणून टाकून दिला असता. हिनं सूक्ष्मदर्शकाखाली धरला. धागे सरळ! आखल्यासारखे, पट्टीच्या लांबीनं, वीज नसताना. मग तिनं काच दिव्यासमोर तिरकी धरली. काचेवरचा तेलकटपणा जावा म्हणून ती बारीक पावडर लावलेल्या कापडानं पुसते. त्या पावडरीचे चरे उठले होते, डोळ्यांना दिसणार नाहीत असे. सगळे लांबीनं. खणातल्या जुन्या पट्ट्या काढल्या, सगळ्यांवर तेच. आणि वीज न दिलेल्या गोल काचा...

"गोल पुसलेल्या," मी म्हटलं.

"गोल पुसलेल्या," ती म्हणाली. "धागे चरे धरून जात होते. गोल काचेवर भरकटायचे, लांब काचेवर सरळ जायचे. मला वाटलं वीज नेतेय. मीच पुसत होते ना, दुसऱ्या कोणी एकदा आडवं पुसलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

बाबांची शिस्त! जगात दुसऱ्या कुठल्याही शास्त्रज्ञाच्या हातून ही चूक झाली नसती. चष्मेवाल्याच्या पोरीच्याच हातून व्हायची होती.

माझं डोकं फिरलं. मी काउंटरवर हात आपटून ओरडले, "तू थांबता येईल म्हणाली होतीस!"

"म्हणाले होते," ती म्हणाली.

बस्. ‘पण’ नाही, ‘तरी’ नाही, ‘मला काय माहीत’ नाही. हिच्याशी भांडता येत नाही हो! माणसानं जरा तरी सबब सांगावी, म्हणजे आपल्याला ती खोडून काढता येते. ही भिंतीसारखी बसलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पुसायचं भान नाही.

नवरा मागच्या खोलीतून दारात येऊन उभा होता, केव्हापासून कोण जाणे. "साहेबांना सांगितलंत?" त्यानं विचारलं.

"नाही, आधी इकडे आले. तुम्ही उद्याच त्या सर्जनांकडे जा. उशीर झालाय, पण जा."

"बरं," तो म्हणाला, आणि परत आत गेला. मागच्या खोलीत नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ तो नळ वाहत होता.

सर्जनांकडे एक यंत्र होतं. बारीक सुई स्नायूत घालायची, आणि स्नायू जिवंत असला की यंत्रातून तडतड आवाज येतो. आधी डाव्या दंडात घातली. नवऱ्यानं मूठ आवळली, तर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. मग उजव्या दंडात. "वाकवायचा प्रयत्न करा," सर्जन म्हणाले. त्यानं केला. कपाळाची शीर फुगली, मान थरथरली, घाम आला. यंत्र गप्प. सुई आणखी एका जागी, मग आणखी एका जागी. सर्जनांनी ती काढून ट्रेमध्ये ठेवली आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "लवकर यायला हवं होतं."

ताईनं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, तार निसटली ती एकदा, सगळं काम कशाला बुडवता, आधी नीट बघू, इतक्यात बोलू नका. ही बोलली. छापून आलेलं सगळं तिनं मागे घेतलं, कारण स्वतःच्या नावानं लिहून. मग काय, साहेबांनी तोंड फिरवलं, कॉरिडॉरच्या टोकाची खोली गेली, जिन्याखाली एक कोंदट जागा मिळाली. तिथे हिनं सगळं काम पहिल्यापासून काढलं. न पुसलेली, नुसती धुतलेली काच घेऊन. मला वाटलं होतं थोडे दिवस करेल आणि सोडेल. सोडेल ती ताई कसली!

मध्ये एकदा जेवताना ती म्हणाली, "वळतात."

मी म्हटलं, "काय?"

"धागे. विजेच्या वजा टोकाकडे. अगदी जरासे. पुष्कळ मोजले तर दिसतं, एरवी नाही. पण वळतात. हे खरं आहे."

मी ताट उचलून स्वयंपाकघरात निघून गेले. जरासे वळतात म्हणे! एका माणसाचा हात गेला आणि जगाच्या हाती काय लागलं, तर जरासे वळतात. पाठीमागे नवरा तिला विचारत होता, "किती जरासे, ताई?" आणि ती त्याला नीट समजावून सांगत होती, आणि तो ऐकत होता. या दोघांपुढे मी कपाळ बडवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

हात मात्र छळायला लागला. मेलेला हात दुखतो हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. तळव्यात कोणी सळई फिरवतंय असं त्याला वाटायचं, आणि बाहेरून हात लावला तर काही कळत नाही. रागानं तो एकदा हाताला म्हणाला, "अरे, दुखायचं तर निदान काम तरी कर!" मग एका सकाळी तो चष्म्याची फ्रेम गरम करायच्या तव्यापाशी उभा होता. मी पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होते. वास आला म्हणून मागे धावले. उजवा हात तव्यावर टेकलेला, आणि हा डाव्या हातानं शांतपणे फ्रेम वाकवतोय. मी किंचाळले तेव्हा त्यानं खाली बघितलं.

ती जखम भरली नाही. चिघळली, वर चढायला लागली. सर्जन म्हणाले, आता हा काढलेलाच बरा. नवऱ्यानं फार विचार केला नाही. म्हणाला, "काढा. सांभाळायला कंटाळा आलाय."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ताई वॉर्डात आली. मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होते त्या दिवसांत. पलंगाच्या एका बाजूला मी बसलेली, दुसऱ्या बाजूला, त्या हाताकडच्या, ती उभी. थोडं इकडचं तिकडचं झालं. नर्सनं ताप बघितला, गेली. मग नवरा ताईला म्हणाला, "ताई, एक सुचलंय. तुम्ही आजवर कोंबडीवर भागवलंत. उद्या हा हात निघणार. यात नसा आहेतच की, माणसाच्या, खऱ्याखुऱ्या. त्या तुम्ही घ्या. सर्जनांशी मी बोलतो, नाही म्हणायचे नाहीत ते. कशाला तरी लागू दे."

त्याचा चेहरा कसा उजळला होता! अपघातानंतर पहिल्यांदा तो कोणाला काही देऊ करत होता. मी ताईकडे बघितलं. इतके दिवस धड बोलत नव्हते, पण डोळ्यांनी तिच्या पाया पडले. हो म्हण. घेते म्हण, आणि नंतर कुठेही टाक. एकदाच, आयुष्यात एकदाच काकूंचा पडदा छान आहे म्हण गं बाई!

ताईचे ओठ हलले. मला वाटलं, म्हणाली.

"उपयोग नाही व्हायचा, मेहुणे," ती म्हणाली. "मला लागतात त्या पेशी हातात नसतातच. त्यांचं मूळ पाठीच्या कण्यापाशी असतं, हातात नुसते धागे येतात. ते तुटले तेव्हाच मेले. या हातात आता काही नाही."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी उठूनच उभी राहिले. तिला खांद्याला धरून बाहेर काढणार होते, देवाशपथ सांगते.

तर नवरा हसला. पूर्वी दुकानात हसायचा तसा, मोकळा. म्हणाला, "सुटलो बुवा! तुम्ही हो म्हणाला असतात ना ताई, तर मी परत वाट बघायला लागलो असतो." आणि मग माझ्याकडे मान वळवून, "तू बस गं. उगाच त्यांना बोलू नकोस. उद्या दुकान कोण उघडणार ते बघ आधी."

मी बसले. तो किल्ल्यांचं सांगायला लागला, कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, शटर कुठे अडकतं. त्याच्या पलीकडे ताई स्टुलावर बसली होती. तिनं बँडेज बांधलेला तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला होता आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. त्याला ते कळलं नाही, तो माझ्याशीच बोलत होता.